गजूभाऊंची विचारपूस

लग्नाच्या बुफेत गजूभाऊ जेवायच्या आधी रांगेच्या तोंडाशी उभे राहतात. "तुम्ही त्या टेबलावर जा जी, तिथला वाढपी रिकामा उभा हाय." लग्न कोणाचंही असो. निम्मं वऱ्हाड त्यांना केटरर समजतं.

जरीपटक्यातल्या आमच्या ऑफिसातही त्यांचं काम तेच. वेबसाइट उघडणारा प्रत्येक जण आधी लोड बॅलन्सरच्या दारात येतो. तो त्याला आतल्या चार सर्व्हरपैकी एकाकडे पाळीपाळीनं धाडतो, आणि मधूनमधून चौघांनाही विचारतो, "ठीक आहेस का?" ज्याचं उत्तर येत नाही, त्याच्याकडे माणसं पाठवणं बंद. हा लोड बॅलन्सर गजूभाऊ सांभाळतात.

सर्व्हरच्या वतीनं उत्तर देणारा प्रोग्राम मात्र माझ्यासारख्या हुशाराकडे आला. मी तो एका ओळीत उरकला. काहीही झालं तरी उत्तर "ठीक". वर स्वतःची पाठही थोपटली.

आमच्या वेबसाइटवर कॉलेजप्रवेशाचे अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी एका सर्व्हरचा अर्ज साठवणाऱ्या डेटाबेसशी संपर्क तुटला. माझ्या कृपेनं तो "ठीक" म्हणत राहिला, आणि चारातला एक अर्ज बुडत राहिला. पोरांचे रडवेले फोन सुरू झाले. माझी नोकरी गेलीच, असं धरून मी बायकोला सांगायची वाक्यंही जुळवली.

गजूभाऊंनी तो सर्व्हर रांगेतून काढला. संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे अर्ज भरून झाले. साहेबांना ते म्हणाले, "तपासाचं काम माझं होतं. चूक माझी."

"काहून अंगावर घेतलं भाऊ?" मी विचारलं.

"उगाच 'ठीक' सांगणारा तू एकटाच हायेस का गा?" ते म्हणाले. "माय उमरेडले एकटी राहे. मी रोज फोन लावून इचारत होतो, 'बरी हाय का वं?' थे म्हणे, 'बरी हाय बाबू.' माझं समाधान. तीन महिने तिनं चूल पेटवली नव्हती. उभंच राहवत नव्हतं तिले. काय रांधलं, एवढं तरी इचाराचं होतं ना मी."

"मग?"

"गेली. आता इचाराले लय सुचते गा. फोन उचलाले कोणी नाही."

नोकरी वाचली तर घरी संत्रा बर्फी न्यायची, असं मी दुपारी ठरवलं होतं. दुकानावरून गेलो, पण गाडी थांबवावीशी वाटली नाही.