सलीम सरांचा रोबो

आमच्या हसनाबादच्या शाळेत सलीम सर संगणक शिकवतात, तेही संगणक बंद ठेवून. "डब्ब्याला काय कळतंय सर? आधी पोरांची डोकी चालू करू," ते म्हणतात. पोरांची डोकी चालू करायला त्यांना एक बिनडोक रोबो लागतो. मी मराठी शिकवतो. त्यांना माझ्याइतका लायक माणूस दुसरा सापडला नाही.

शाळेमागची नाली कॅरीबॅगांनी तुंबली, तेव्हा सरांनी सातवीला काम दिलं. रोबोला बाजारात पाठवायचं आणि कॅरीबॅगशिवाय भाजी आणवायची. हुकूम एकेक करून सोडायचा. मला बजावलं, "सांगितलं तेवढंच करायचं. अक्कल बिलकुल वापरायची न्हाई. जमंल ना?"

जमलं. "सरळ चला," असा हुकूम सोडून मुलं आपसात भांडत बसली आणि मी सरळ नालीत उतरलो. सर खूश. "पाह्यलं? 'थांबा' म्हणायचं राहून गेल्तं. चूक आपली, रोबोची न्हाई." माझ्या पँटबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

बाजारात भाजीवाल्या काशाबाई मेथी कॅरीबॅगमध्ये घालू लागल्या. मुलांनी अडवलं.

"मंग काय पदरात बांधून देऊ? लोक जीपमधून उतरून हात हालवत येऊन राह्यले."

सरांचे डोळे चमकले. गाठ सापडली होती. पिशव्या लोकांच्या घरी, आणि लोक जीपथांब्यावर! मग पिशव्याच थांब्यावर टांगायच्या.

लोकांना समजावायचं खातं माझ्याकडं आलं. मी फलक रंगवला : 'प्लास्टिकरूपी भस्मासुराचा नायनाट करूया!' काशाबाईंनी तो वाचून घेतला आणि विचारलं, "ह्याची फवारणी कधी करायची?"

सरांनी फलक पुसला आणि चौथीतल्या मुलीकडून लिहून घेतलं : 'पिशवी घ्या. पुढच्या बाजाराला परत आणा.'

लोकांनी पिशव्या घेतल्या. परत फार थोड्या आल्या. माझ्या पुसलेल्या भस्मासुराला जरा बरं वाटलं. पण काशाबाई म्हणाल्या, "माझं कॅरीबॅगचं बंडल तसंच पडून हाय." आणि दर बाजाराला थांब्यावर नव्या कापडी पिशव्या हजर! शिवतं कोण, विचारलं तर सर नुसतं म्हणायचे, "होतं बराबर."

एका रविवारी त्यांच्या घरी गेलो. दार उघडंच होतं. जुन्या चादरींच्या तुकड्यांत बसून सर शिलाई मशीन चालवत होते. मशीन त्यांच्या पत्नीची. त्या आदल्या हिवाळ्यात गेल्या होत्या.

मी म्हटलं, "सर, लोक परत आणत नाहीत आणि तुम्ही कशाला एवढा त्रास घेता?"

"न आणू द्या. थांब्यावरच्या संपल्याच पाहिजेत सर." त्यांचे पाय थांबले. "ही दिवसभर मशीन चालवायची. मी ओरडायचो, किती आवाज करती म्हणून. आता घर लई गप झालंय."

खोलीत खरंच कसलाही आवाज नव्हता. मी चादरीचं दुसरं टोक ताणून धरलं.

"चालवा सर," म्हटलं, "मी धरतो."