बाळाप्पा हुक्केरी यांची अडखळत्या मोटारीवरील मोहीम

श्रीशंभूस वंदन करून, ऐकीव ते टाकून आणि डोळां देखिले ते घेऊन, मौजे कसबा बावडा येथे शके एकोणीसशे एकतीस, विरोधीनाम संवत्सरे, वैशाख मासी जो प्रसंग गुदरला तो यथास्थित लिहितो.

राजश्री बाळाप्पा हुक्केरी हे शिरोली एमआयडीसीतील एका फौंड्रीच्या भट्टीचे तीस वर्षे सुभेदार. दरारा ऐसा की लोखंडानेही त्यांची परवानगी घेऊन वितळावे. परंतु माघ मासी अर्धांगवायूचा झटका आला आणि डावा हात बंड करून बसला. मग डॉक्टरांचा हुकूम सुटला की बोटे हलती ठेवावी, आणि रबरी चेंडू दाबावयास दिला, तो बाळाप्पांनी दुसरे दिवशीच खिडकीबाहेर तडीपार केला. तेव्हा कन्या शांभवी, संगणकाच्या नोकरीत होती, तिने आपला खेळाचा थोर लॅपटॉप हुजुरात आणिला आणि मोटारींच्या शर्यतीत डाव्या हाताने मोटार वळवण्याची कामगिरी सांगितली. बाळाप्पा इरेस पेटले. दो मासांत बोटे ताब्यात येऊन सदऱ्याच्या बुतानांपावेतो मुलूख परत मिळाला.

आणि वैशाखात विपरीत जाहले. मोटार दहा मिनिटे बरी धावे, मग चित्र अडखळे, जागीच थिजे, आणि एकाएकी उडी घेई तों मोटार खड्ड्यात! ऐसे चार वेळा जाहले. बाळाप्पांनी हात उचलून मांडीवर ठेविला.

"शांभवी, बोटं सांगितल्यालं ऐकंनात. हात गेला बघ माझा," इतके बोलून उठले, ते तीन रोज लॅपटॉपाकडे फिरकले नाहीत. बुताने लावण्याचे कामही मुकाट्याने पत्नी बसव्वा यांजकडे सोपविले. घरात मोठी उदासी पसरली.

मग शांभवी स्वतः खेळावयास बसली, तों तिच्याही हाती मोटार तैशीच अडखळली. ती धावत जाऊन म्हणाली, "अप्पा, माझ्याबी हातात अडकतंय की! तुमचा हात न्हाय, मशीन बिघडलंय."

"माझं मन राखाय बोलू नगंस," बाळाप्पा भिंतीकडे तोंड करून म्हणाले.

ते बोल कन्येस फार लागले आणि तिने मोहीम मुक्रर केली. प्रथम ग्राफिक कार्डाचा जुना ड्रायव्हर बडतर्फ करून नवा नेमिला. यश आले नाही. मग गनिमास मुलूख देऊन तह करावा म्हणोन यंत्राचा भार हलका व्हावा यास्तव चित्रातील झाडांची पाने सोडिली, सावल्या सोडिल्या, पाण्यातील चकाकीही सोडिली, येथपर्यंत की मोटार उघड्या माळावरून पळू लागली, आणि दहा मिनिटांनी तेथेही अडखळली. इतक्यात शेजारचे राजश्री गणपतराव मसलतीस आले, आणि सर्व न्याहाळून त्यांनी निर्वाळा दिला की यास बाहेरचे लागले असे, नृसिंहवाडीस नेऊन आणावे.

"गणपतराव, लॅपटॉप हाय त्यो, पावणं न्हवं!" आतून बसव्वा कडाडल्या. गणपतरावांनी चहा घेऊन माघार घेतली.

हा गलबला चालता, कॉटवर पडलेल्या बाळाप्पांचे कान टवकारले. लॅपटॉपातील पंखा धापा टाकीत होता. तीस वर्षे भट्टीचा श्वास ऐकलेला पुरुष! उठून आले आणि लॅपटॉपाच्या कडेस पंजा धरिला, तों चटका बसला.

"ह्ये वारा कुठनं घेतंय?"

"खालनं, अप्पा."

"आणि ठेवलंयस कशावर?"

शांभवीने पाहिले. लॅपटॉप कापसाच्या गादीत रुतला होता.

"अगं, वाऱ्याचं तोंड बुजवून भट्टी चालंल व्हय? जीव घुसमटलाय त्याचा. बंद कर आदी. आण स्क्रू डायवर!"

हुकूम होताच लॅपटॉप बंद करून पालथा घातला, स्क्रू काढिले, आणि पाहतात तों पंख्याच्या तोंडाशी धुळीची जाड गोधडी! शांभवी पुढे सरसावली, परंतु बाळाप्पांनी रंगाचा बारीक ब्रश आपणच घेतला, तोही डाव्या हाती. अर्धा तास लागला, कोणी घाई केली नाही, आणि एकेक फट मोकळी जाहली. मग बसव्वांशी वाटाघाट करून वांगी भाजण्याची लोखंडी जाळी मागून घेतली, ती टेबलावर मांडून तिजवर लॅपटॉपाची स्थापना केली, जेणेकरून खालून वारा खेळता राहावा.

मग खासा स्वारी शर्यतीस बसली. दहा मिनिटे गेली, वीस गेली. झाडे, सावल्या, पाण्याची चकाकी, गेला मुलूख सारा परत आणिला, तरी मोटार अडखळेना. अखेरच्या वळणावर मात्र बाळाप्पांनी वेग आवरिला नाही आणि मोटार धाडकन भिंतीवर घातली. शांभवी धावत पुढे आली.

बाळाप्पा आनंदाने ओरडले, "ह्या टायमाला मीच धडकलो! बोटांनी ऐकलं, मीच चुकीचं सांगितलं की गं!"

बसव्वांनी पदर डोळ्यांस लाविला आणि कांदा चिरत असल्याचे जाहीर केले. कांदा चिरत नव्हत्या.

येणेप्रमाणे आठ मोटारींत राजश्री बाळाप्पा हुक्केरी यांची मोटार सातवी आली आणि फत्ते जाहली. आठव्याचे नाव दप्तरी नाही. मिती वैशाख वद्य पंचमी, ते दिवशी सदऱ्याची बुताने त्यांनी स्वहस्ते लाविली, एक खाली-वर जाहले, ते कोणी दुरुस्त केले नाही. हे लिहिले ते खरे.