पाच नंबरच्या खाटेवरचा श्वास

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या धाकटीचा वॉर्डातला तिसरा दिवस होता आणि आज रक्तदाब नीट मोजता आला नाही, तर सगळी ड्युटी पुन्हा करावी लागणार होती. सकाळीच तिने ताईला फोन लावून रडून घेतलं होतं. ताई म्हणाली, "अगं वेडे, चार मोजत श्वास घे, चार मोजेपर्यंत धर, सहा मोजत सोड. भीती पळते की नाही बघ."

पाच नंबरच्या खाटेवर घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा होते. धाकटीने त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला, स्टेथोस्कोप कानात घातला, पण तिला तिच्याच छातीतली धडधड ऐकू येत होती.

"पोरी, हात किती थरथरतोय," आजोबा म्हणाले. "घड्याळ असतं तर स्प्रिंग उडाली असती."

पाठीशी उभ्या असलेल्या, तिला शिकवणाऱ्या मॅडमना तेवढ्यात ऑफिसातून बोलावणं आलं. "मी येईपर्यंत मोजून ठेव," असं बजावून त्या गेल्या. धाकटीने डोळे मिटले आणि पुटपुटत सुरुवात केली, "एक, दोन, तीन, चार..."

डोळे उघडले तर आजोबा गाल फुगवून श्वास धरून बसलेले.

"आजोबा, तुम्ही नाही हो! हे माझं..."

"फुस्स!" आजोबांनी श्वास सोडला. "बरं वाटतंय गं. पुढे?"

शेजारच्या खाटेवर पाय प्लास्टरमध्ये घालून पडलेला ट्रकवाला उखडला. "त्यांनाच का? आम्ही काय घोडं मारलंय?"

"दादा, हे औषध नाहीये!"

"मग तर पथ्यही नसेल. सांगा, किती मोजायचं?"

त्याला सांगितलं म्हणून सात नंबरच्या खाटेवाल्याला सांगावं लागलं. सातवाल्याच्या बहिणीचा आवाज खणखणीत होता, तिने मोजणी आपल्याकडे घेतली. पाच मिनिटांत अख्खा वॉर्ड एका तालात फुसफुसू लागला. नेमके तेव्हाच डॉक्टर राउंडला आले.

"काय चाललंय इथे?"

कोणीही उत्तर देईना. सगळ्यांनी श्वास धरला होता. बहिणीने फक्त बोट वर करून डॉक्टरांना थांबवलं आणि चारपर्यंत मोजून मगच म्हणाली, "हं, बोला आता."

तेवढ्यात मॅडम परत आल्या. धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. "मॅडम, ते मी माझ्यासाठी करत होते... मला भीती वाटत होती," ती कशीबशी म्हणाली.

डॉक्टरांनी हसू दाबत आजोबांकडे बोट दाखवलं. "मोज बघू आता."

धाकटीने रक्तदाब मोजला. या वेळी ठोके स्वच्छ ऐकू आले. डॉक्टरांनी स्वतः मोजून पाहिला, आकडा तोच निघाला. सातवाल्याच्या बहिणीने टाळ्या वाजवल्या.

मॅडम मात्र हसल्या नाहीत. "माझ्याबरोबर ये," म्हणाल्या आणि चादरी ठेवायच्या खोलीत शिरल्या. धाकटी मागोमाग गेली. मॅडमनी दार लावून घेतलं.

"अकरा वाजता तपासणी समिती येतेय. माझं शिकवणं बघायला," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. त्यांच्या हातातली वही थरथरत होती. "श्वास सोडताना किती मोजायचं, सहा की आठ?"

"सहा, मॅडम."

मॅडमनी चादरींच्या गठ्ठ्यावर बसून निमूट डोळे मिटले.