मालक स्वतः आला पाहिजे

नाडकर्णी काका ओळख करून देताना नाव नंतर सांगतात. आधी सांगतात, "मी पोलिसांत आहे, पण पोलीस नाही." समोरचा गोंधळतो. मी चार वर्षं त्यांचा शेजारी आहे आणि अजून गोंधळलेलाच आहे.

काका आयर्लंडमधल्या नास शहराजवळच्या आमच्या गावातल्या गार्डा स्टेशनात, म्हणजे पोलीस ठाण्यात, कारकून आहेत. गणवेश नाही, बेड्या नाहीत. त्यांच्याकडे सापडलेल्या वस्तूंचं रजिस्टर असतं. छत्र्या, किल्ल्या, एकदा तर कोणाची तरी कवळी. पण रुबाब असा, की ते दिसले की मी पायी चालत असलो तरी सीटबेल्ट चाचपतो.

मध्यंतरी माझी लोकरीची टोपी हरवली. काकांच्या मागच्या फळीवर ती मला चक्क दिसत होती.

"काका, ती बघा माझी टोपी!"

"खूण सांगा." घरी मला अरे-तुरे करणारे काका काउंटरवर अहो-जाहो करतात.

"अहो, परवा तुम्हीच म्हणालात, ही टोपी तुला शोभत नाही!"

"ते शेजारी म्हणून. खूण?"

मला खूण आठवेना. बायकोला फोन लावला. तिने खूण सांगितली, पण ती बाद. "मालक स्वतः आला पाहिजे, स्वतः बोलला पाहिजे." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी बोडक्याने घरी आलो.

त्यांच्या पत्नी, मीनाकाकू, इथल्याच एका हॉस्पिटलात नर्स होत्या. दीड वर्षापूर्वी गेल्या. काका त्यांचा विषय काढत नाहीत.

परवा अस्तरावरचा निळा टाका माझा मलाच आठवला, म्हणून पुन्हा गेलो. टोपीशेजारी स्टीलचा डबा होता. आपल्याकडे भांड्यांवर घालतात तसं नाव घातलेलं: मीना नाडकर्णी.

"काका, हा तर काकूंचा!"

काका रजिस्टरात डोकं घालून बसले. उत्तर दिलं ते ब्रेंडनने, म्हणजे खऱ्याखुऱ्या पोलिसाने. "हॉस्पिटलात, तिच्या वॉर्डातल्या एका प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, मागे कोपऱ्यात सापडला; त्यांनी इथे आणून दिला. तीन आठवडे झाले. घरी ने म्हटलं, तर युअर मॅन, हा गृहस्थ, ऐकतच नाही."

मला काही कळेना. "काका, नेत का नाही?"

"मालक स्वतः आला पाहिजे," काका हळूच म्हणाले. डब्याच्या लेबलावर मराठीत लिहिलं होतं: यायची आहे.

काकांनी सही करून डबा नेला, की काकू यायच्या राहणार नव्हत्या, एवढं सरळ होतं ते. मी ब्रेंडनकडे पाहिलं. त्याने मानेनेच हो म्हटलं. मी काउंटरच्या आत गेलो आणि काकांच्या हातातलं पेन घेतलं.

"खूण सांगा."

काकांनी डबा फळीवरून उतरवला.

"झाकण घट्ट बसत नाही. रुमालात बांधून न्यायची. नवा आणा म्हणायची. मी म्हणायचो, बघू."

"पटली. सही करा."

त्यांनी सही केली. पाच वाजले होते. "चल रे, चहा टाकतो," ते म्हणाले. टोपी तिथेच राहिली, हे मला रस्त्यात आठवलं, पण मी बोललो नाही. काका घरापर्यंत डब्याचं झाकण अंगठ्याने दाबून धरून चालत होते.