इस्त्रीसाहेबांची मान

लाँड्रीचे पुढचे मॅनेजर आपणच होणार, याची इस्त्रीसाहेबांना इतकी खात्री होती की मॅनेजरच्या खुर्चीवर टाकायला त्यांनी घरून उशी आणून कपाटात ठेवली होती. खुर्ची लाकडी होती आणि साहेबांना टोचलेलं खपत नसे. जुने मॅनेजर निवृत्त होत होते. मालक म्हणाले होते, "नव्या हॉटेलची ऑर्डर गुरुवारी नीट जाऊ द्या, शुक्रवारी नाव सांगतो." आता नाव ते काय सांगायचं? इस्त्री विभाग साहेबांचा. त्यांच्या टेबलावरून एक तरी चुरगळलेली चादर बाहेर गेली असेल तर शपथ.

दाताखाली खडा एकच होता. धुलाई विभागाच्या ताई.

ताई साहेबांच्या कितीतरी नंतर लागल्या. शिक्षणानं कमी, उंचीनं कमी, आवाजानं तर फारच कमी. पण त्यांच्याकडचं माणूस कधी नोकरी सोडून गेलं नाही. उलट साहेबांचीच माणसं जेवणाच्या सुट्टीत डबे घेऊन तिकडे जाऊन बसत. साहेबांच्या पोटात दुखायचं ते इथंच. माणसं आपली, सुट्टी आपण दिलेली आणि हसणं-खिदळणं त्या बाईंच्या विभागात!

"काय आहे एवढं त्या बाईत?" त्यांनी घरी बायकोला विचारलं. सगळी लाँड्री ताई म्हणायची, साहेब मात्र चुकूनही म्हणत नसत.

"ऐकून घेत असेल लोकांचं," बायको भाजी निवडता निवडता म्हणाली.

"ऐकायला काय अक्कल लागते? कान मलाही आहेत."

बायकोनं एक किडकी शेंग उचलून बाजूला टाकली आणि विषय तिथंच संपला.

दुसऱ्या दिवशी साहेब उशांच्या अभ्र्यांच्या ढिगाआड उभे राहिले. दोन विभागांच्या मध्ये नुसती काच होती, त्यामुळे पलीकडचं सगळं दिसायचं, ऐकू मात्र काही यायचं नाही. ताई उलट्या बादलीवर बसल्या होत्या. एक कामगार काहीतरी सांगत होता. ताईंनी मान कलती केली, चेहरा त्याच्याजवळ नेला, एक-दोनदा मान हलवली, काहीतरी विचारलं, ओठांवरून "मग?" असावं. तो गडी आला होता रडवेला, गेला शीळ घालत.

हात्तिच्या, एवढंच? बादली, कलती मान आणि मधूनमधून "मग?" एवढ्या भांडवलावर ही बाई मॅनेजर होणार?

संध्याकाळी साहेब आरशासमोर सरावाला उभे राहिले.

"मान अवघडली का? शेक देऊ?" बायकोनं विचारलं.

"नाही. तू बोल काहीतरी. मी ऐकतोय."

बायकोच्या हातातला डाव हातातच राहिला. मग ती बोलायला लागली ती थांबेचना. साहेब आरशात बघत मान आधी डावीकडे कलती करून बघत होते, मग उजवीकडे. उजवीकडून चेहरा जास्त मायाळू दिसत होता. मधूनमधून ते "मग?" म्हणाले, "असं होय" म्हणाले, शेवटी "बरं, बरं" म्हणाले. बायकोचे डोळे भरून आले. "किती वर्षांनी ऐकून घेतलंत हो," ती म्हणाली. साहेबांनी ओळखलं, औषध लागू पडतंय.

सोमवारी जेवणानंतर इस्त्री विभागातही एक बादली पालथी पडली. "ज्याला जे सांगायचं ते मला सांगा," साहेबांनी जाहीर केलं. आधी कुणी फिरकेना. साहेब रागावले की काय करतात हे सगळ्यांना ठाऊक होतं, हे नवीनच होतं. शेवटी घडीवाल्या मावशी धीर करून पुढे आल्या आणि पदराशी चाळा करत सांगू लागल्या. साहेबांनी मान उजवीकडे टाकली, पण डोळे काचेकडे. बाई बघतायत का? बघत होत्या. आणि चक्क हसल्या. त्या हसण्यानं साहेबांच्या अंगाची अशी लाही झाली की मावशी काय म्हणाल्या ते कानाच्या पाळीवरूनच परत गेलं. मान मात्र हलत राहिली.

"मग गुरुवारी नाही आले तर चालेल ना, साहेब?"

मान हलली.

बातमी फुटायला कितीसा वेळ? साहेबांची मान आज हो म्हणतेय, जे मागायचं ते मागून घ्या. मंगळवारी बादलीसमोर रांग लागली. कुणाला गुरुवारी सुट्टी, कुणाला उशिरा यायचंय, कुणाला लवकर जायचंय. साहेब हलवतायत मान. सगळ्यात शेवटी बॉयलरमामा आले. ते वाफ तयार करणार, तेव्हा इस्त्र्या तापणार.

"साहेब, व्हॉल्व्ह गळतोय. मिस्त्री गुरुवारीच मोकळा आहे. सकाळी बॉयलर थंड ठेवू का?"

मान हलली. मामांचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना, म्हणून त्यांनी परत विचारलं. मान परत हलली, आता तर जास्तच मायेनं, कारण काचेपलीकडून बाई पुन्हा बघत होत्या.

बुधवारी खुद्द ताईच आल्या.

"साहेब, जरा बोलायचं होतं."

आली, साहेबांना वाटलं. खुर्ची हातची जाताना दिसली तशी आली गोड बोलायला. ताई बराच वेळ काहीबाही सांगत होत्या आणि साहेब मनात उशीची खोळ कुठल्या रंगाची घ्यावी ते ठरवत होते.

"मग मी तसं करू ना?" ताईंनी विचारलं.

"अवश्य करा, बाई. अवश्य."

गुरुवारी सकाळी साहेब कडक इस्त्रीचा शर्ट घालून विभागात शिरले, तर आत चिटपाखरू नाही. टेबलं मोकळी, इस्त्र्या गार. बॉयलरखालून कुणाचे तरी नुसते पाय बाहेर आलेले आणि शेजारी मामा पाना धरून उभे.

"वाफ कुठंय?" साहेब ओरडले.

"तुम्हीच तर हो म्हणालात."

"माणसं कुठायत?"

"त्यांनाही तुम्हीच हो म्हणालात."

तेवढ्यात मालक आत आले, सोबत हॉटेलचा माणूस. साहेब गार इस्त्र्यांपुढे आडवे उभे राहिले. पण मालक खुशीत होते. काचेपलीकडे विजेवरचे ड्रायर धडधडत होते आणि माणसं चादरी गरम गरमच बाहेर ओढून, चारी कोपरे ताणून घड्या घालत होती. ताई एक घडी घेऊन इकडे आल्या, हॉटेलच्या माणसानं ती उलगडून बघितली आणि पसंतीची मान हलवली. त्याची मान निदान बघून हलली होती.

"ही युक्ती कुणाची?" मालकांनी विचारलं.

"साहेबांना विचारूनच केलं," ताई म्हणाल्या. "बॉयलर बंद राहणार, इकडची माणसं नसणार, म्हणून संध्याकाळची पाळी सकाळी बोलावली. काल बोलणं झालं होतं आमचं."

साहेबांची मान हलायला लागली. मॅनेजरची खुर्ची एका होकारावर आली होती.

"वा. पण अशा दिवशी एवढ्या सुट्ट्या दिल्यात," मालक म्हणाले, "तशीच अडचण असणार. घडीवाल्या मावशींना कशासाठी दिलीत?"

साहेबांची मान मध्येच थांबली. त्यांनी छताकडे पाहिलं, बॉयलरकडे पाहिलं. मामांनी नजर चुकवली.

"बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे," ताई हळूच म्हणाल्या. "बहिणीला दुसरं कुणी नाही."

मालकांनी आणखी एकाचं विचारलं, मग आणखी एकाचं. उत्तरं ताईच देत होत्या. माणसं साहेबांची, अडचणी ताईंना पाठ. मालक शुक्रवारपर्यंत थांबलेच नाहीत.

दुपारी साहेबांनी लाज गुंडाळून ठेवली आणि धुलाई विभागात गेले. मत्सरानं आतून नुसते शिजत होते. "ताई," ते पहिल्यांदाच म्हणाले, "एक सांगा. ते मान कलती करायचं कुठं शिकलात?"

"शिकायचं काय त्यात?" ताई हसल्या. "या मशिनींपाशी राहून माझा डावा कान पार गेलाय. उजवा पुढे करावा लागतो. तरी अर्धं निसटतंच, मग परत विचारते. नीट कळेपर्यंत विचारते."

म्हणजे इतकी वर्षं साहेब एका बहिऱ्या कानावर जळत होते. आपले दोन्ही धडधाकट कान घेऊन ते परत आले आणि कपाटातली उशी बगलेत मारून घरी निघाले.

घराला कुलूप. साहेबांनी बायकोला फोन लावला. फोनही दिवसभरात थकून शेवटच्या घटका मोजत होता.

"अगं, आहेस कुठं?"

"ताईकडे. तिला बरं नाही. आरशासमोर सांगितलं नव्हतं का? तुम्ही बरं, बरं म्हणालात."

ताई म्हणजे तिची मोठी बहीण. आज तर जिकडे तिकडे ताईच.

"आणि किल्ली?"

"तेही सांगितलं होतं."

साहेबांनी उशी पायरीवर टाकली आणि तिच्यावर बसले. मग फोन उजव्या कानाला लावला आणि मान आपोआप कलती झाली. समोर आरसा नव्हता.

"परत सांग," ते म्हणाले.

"सगळं, की नुसती किल्ली?"

साहेब उशीवर सावरून बसले. "सगळं सांग. पहिल्यापासून. किल्ली शेवटी."

आणि बायकोनं खरंच पहिल्यापासून सांगितलं. बहिणीचं दुखणं, मनातली काळजी, एकटीनं केलेले विचार, सगळं. साहेबांनी एकूण एक शब्द ऐकला, दोनदा तर परत विचारून घेतला. फोन बंद पडला तो किल्लीच्या जरा आधी.