भागुजी सशाची नेमबाजीची परीक्षा

मुलांनो, फार वर्षांपूर्वी मी एक आवाज ऐकला होता. आधी 'सण्ण'. मग 'टण्ण'. मग जरा वेळ काहीच नाही. आणि मग कोणीतरी म्हणालं, "लागला!"

कोणाला लागला, ते कोणी सांगितलं नाही.

ज्याच्या हातून तो आवाज झाला, त्याची ही गोष्ट आहे. नीट बसा. पाय पसरायचे तर पसरा.

एका जंगलात एक उघडा माळ होता. माळावर खडेच खडे. तिथे भागुजी नावाचा ससा राहायचा. त्याच्या शेजारी एक टिटवी राहायची. तिला सगळे आक्का म्हणत. टिटवी झाडावर घरटं बांधत नाही, बरं का. उघड्यावर, खड्यांमध्येच अंडी घालते. तिची अंडीही खड्यांसारखीच दिसतात.

आक्काला एक खोड होती. काही हललं की ती ओरडायची. कोल्हा आला की ओरडायची. ढग आला तरी ओरडायची. एकदा तर भागुजीने जांभई दिली, तेव्हाही ओरडली.

भागुजीला कधीकधी तिचा कंटाळा यायचा. पण आक्का ओरडली की पळायचं, एवढं त्याला ठाऊक होतं. पळायचं आणि करवंदीच्या जाळीत शिरायचं. कोल्हा यायचा, जाळीला नाक लावायचा, नाकात काटा मोडून घ्यायचा आणि जायचा. अशी पाच वर्षं गेली. भागुजीचा एक केससुद्धा कोल्ह्याच्या दाताला लागला नाही.

त्या वर्षी एक माकड शहरात जाऊन आलं. येताना त्याने गलोल आणली. लाकडाचं बेचकं, त्याला दोन रबरं, मध्ये चामड्याचा तुकडा.

माकड म्हणालं, "शहरात आता प्रत्येकाजवळ काहीतरी असतं. पण दाखवायचं नाही. लपवून ठेवायचं. आणि लपवायला परवाना लागतो."

झालं! सगळ्या जंगलाला लपवायची हौस आली. आठ दिवसांत परवाना कचेरी उघडली. जो तो कमरेवर पंजा ठेवून हिंडू लागला.

"काय गवेराव, तुमच्याजवळ आहे का?"

"सांगता येत नाही. लपवलेली असते."

आणि गव्याच्या शेपटीखाली रबर लोंबत असायचं.

सगळ्यांत आधी अर्ज केला साळिंदराने. तो पहिल्याच दिवशी फेटाळला गेला. त्याची सगळी हत्यारं अंगावर उघडी होती. मग साळिंदराने परीक्षेची शिकवणी सुरू केली. त्या जंगलात तशी रीतच होती. ज्याला मिळत नसे, तो शिकवत असे.

भागुजीनेही अर्ज भरला. 'गलोल कशासाठी हवी?' असा प्रश्न होता. त्याने लिहिलं, 'पळून पळून दमलो.'

आक्काने ते ऐकलं आणि ती त्याच्याभोवती तीनदा फिरली.

"अरे भागुजी, तुला देवाने एवढे पाय दिलेत! तीच तुझी गलोल."

"आक्का, पाय लपवता येत नाहीत."

"कान दिलेत!"

"ते तर मुळीच लपवता येत नाहीत," भागुजी म्हणाला. ते खरंच होतं.

शिकवणी माळावरच सुरू झाली. एका दगडावर गंजलेला पत्र्याचा डबा ठेवला. साळिंदरमास्तर काटे खुळखुळवत म्हणाले, "दहा खडे मारायचे. सात लागले तर पास. पाय फाका. श्वास घ्या. अर्धा सोडा. आता डावा डोळा मिटा."

भागुजीने डावा डोळा मिटला. मुलांनो, तुमचे डोळे समोर असतात. सशाचे डोळे दोन बाजूंना असतात. त्याने एक डोळा मिटला की अर्धं जंगल नाहीसं होतं.

"मास्तर, डावीकडचं काहीच दिसत नाही!"

"छान. लक्ष विचलित होणार नाही. आता कानात कापूस घाला."

"गलोलीचा आवाज होत नाही, मास्तर."

"शहरात घालतात," मास्तर म्हणाले.

वैशाख होता. सावरीची बोंडं फुटली होती. सशाचे कान ते! एकेका कानात सहा सहा बोंडांचा कापूस गेला. भागुजीचं डोकं जड झालं आणि जग गुपचूप झालं. त्याला ते फार आवडलं. कोणी ओरडत नाही, कोणी रागवत नाही.

एकच अडचण उरली. मास्तर 'सोड' म्हणेपर्यंत खडा सोडायचा नाही, असा नियम होता. आधी सोडला तर नापास. पण 'सोड' ऐकू येईना. मग मास्तरांनी युक्ती काढली. 'सोड' म्हणायच्या वेळी ते भागुजीच्या पाठीत एक काटा टोचत.

टुच्च. सण्ण!

भागुजी खूश. मास्तर खूश. रोज शंभरदा टोचून घ्यायचं आणि शंभर खडे मारायचे. एके दिवशी खडे गोळा करताना त्याच्या हाताला एक छान गोल खडा लागला. मोठा होता, ऊन ऊन होता. त्याने तो गलोलीत घातला. रबर ताणलं. डोळा मिटला. आणि समोर आक्का येऊन नाचू लागली. चोच उघडत होती, मिटत होती. भागुजीला वाटलं, ती शाबासकी देतेय.

शेवटी आक्काने त्याच्या कानातला कापूस उपटला.

"खाली ठेव मेल्या! तो माझा चौथा आहे!"

भागुजीने खाली पाहिलं. खड्यांत तीन अंडी होती. चौथं त्याच्या गलोलीत होतं. तो पांढऱ्या रंगाहून पांढरा झाला. दोन्ही हातांनी त्याने अंडं परत ठेवलं. टोक आत, जसं होतं तसं.

"आक्का, चुकलं गं."

"चुकलं ना? मग दुसरीकडे जाऊन मार की खडे."

"परीक्षा इथेच आहे. माळाला मान्यता मिळालीय."

आक्का म्हणाली, "बरं. पण उजवीकडेच मार. आणि मी ओरडले की पळ. कापूस राहू दे, डोळा राहू दे. पण पळ."

"पळेन की," भागुजी म्हणाला आणि कापूस परत घातला.

परीक्षेला घुबडसाहेब आले. परीक्षा भर दुपारी होती. घुबडाला दुपारी काय दिसणार? पण साहेब मोठे न्यायी होते. ते म्हणाले, "मी कोणाचं तोंड बघत नाही. आवाज आला की लागला. आवाज नाही, तर नाही लागला."

आता त्या माळावर सगळीकडे दगडच होते.

टुच्च. सण्ण. पहिला खडा डब्याच्या डावीकडच्या धोंड्यावर. टण्ण. "लागला!"

दुसरा मागच्या खडकावर. "लागला!"

तिसरा भागुजीच्याच पायावर पडला. तो "आई गं" म्हणाला. "हाही आवाजच आहे. लागला!"

सातवा खडा साहेबांच्या फांदीवर आपटला. साहेब दचकून म्हणाले, "हा तर फारच लागला! पास!"

डबा होता तसाच उभा होता. पण त्याला कोण विचारतो?

भागुजीला परवाना मिळाला. पळसाच्या पानावर साहेबांच्या पंजाचा ठसा. खाली लिहिलं होतं, 'परवानाधारकाने पळू नये. पळताना गलोल दिसते.'

तेव्हापासून भागुजी चालू लागला. सावकाश, कमरेवर पंजा ठेवून, पोटाला खड्यांची पिशवी बांधून. पिशवी खुळखुळ वाजायची. सगळे आदराने बाजूला व्हायचे. कापूस त्याने कानातच ठेवला. पास झालेल्याला तो शोभतो, असं मास्तर म्हणाले होते.

चौथ्या दिवशी सकाळी कोल्हा आला. डावीकडून आला.

आक्का ओरडली. अशी ओरडली की तळ्यापलीकडची हरणं पळाली. भागुजी हलला नाही. ती त्याच्या डोक्यावरून दोनदा झेपावली, तेव्हा कुठे त्याने वळून पाहिलं. समोर कोल्हा!

भागुजीचे पाय पळायला निघाले होते. त्याने त्यांना थांबवलं. पाय फाकले. श्वास घेतला. अर्धा सोडला. गलोल काढली, रबर ताणलं, डावा डोळा मिटला. आणि तसाच उभा राहिला.

कोल्हा थांबला. असा ससा त्याने पाहिला नव्हता.

"काय रे, काय करतोयस?"

"मोठ्याने बोला, काका! कानात कापूस आहे!"

"काय करतोयस म्हणतो!"

"नेम धरलाय!"

"मग मार की!"

"अजून टोचलं नाही!"

कोल्ह्याने मागे पाहिलं, पुढे पाहिलं. "कोणी टोचायचं?"

"मास्तरांनी!"

"ते कुठायत?"

"शिकवणीला!"

कोल्हा खाली बसला. त्याला हसू आवरेना. हसून हसून त्याला उचकी लागली. "मी टोचू का?"

"तुम्हाला अधिकार नाही, काका!"

"अरे, पण दात आहेत ना!" असं म्हणून कोल्हा उठला. डोळे पुसत, उचक्या देत, मजेत पुढे आला. भागुजीचं रबर ताणलेलंच होतं. उजवा डोळाही त्याने भीतीने मिटला.

तेवढ्यात कोल्ह्याच्या नाकासमोर आक्का पडली. एक पंख लोंबतोय, एक पाय ओढतेय. जमिनीवर फरफटत ती चालली. कोल्ह्याने ससा बघितला, टिटवी बघितली. मोडक्या पंखाची टिटवी सोपी असते. तो तिच्या मागे लागला. ती दोन हात पुढे. तो मागे. दगडांतून, काट्यांतून, ओढ्यापर्यंत. तिथे त्याने उडी घेतली. शेपटीची चार पिसं त्याच्या तोंडात आली आणि आक्का उडाली.

इकडे भागुजीने उजवा डोळा उघडला. कोल्हा नव्हता. डावा उघडला. तिकडेही नव्हता.

"पळाला!" भागुजी किंचाळला. "मला पाहून पळाला!"

सगळं जंगल जमलं. मास्तरांनी हार घातला. हार घालताना टोचलं, तेव्हा कुठे भागुजीच्या हातून तो खडा सुटला आणि डब्याला लागला. टाळ्याच टाळ्या! माकडाने भागुजीला खांद्यावर घेतलं. गवा नाचला. त्याची गलोल खाली पडली आणि कोणीही ती पाहिली नाही. अंधार पडायच्या आत वीस नवे अर्ज आले.

त्या गडबडीत आक्का परत आली. उडत नाही, चालत. पाय खराच लंगडत होता. शेपटीला पिसं नव्हती. तिच्या जागेवर चार पिल्लं अंड्यांतून बाहेर आली होती. चिंचोक्याएवढी डोकी, काडीएवढे पाय.

भागुजीने तिला खांद्यावरूनच हाक मारली.

"आक्का! बघितलंस ना? कसा पळाला!"

मग तिच्या शेपटीकडे बघून त्याने हळूच विचारलं, "तुला काय झालं गं?"

आक्काने त्याच्याकडे पाहिलं. भागुजीने ऐकायला कानातला कापूस काढला. दोन्ही कानांतला काढला. जन्मात गप्प न बसलेली टिटवी आता किती ओरडेल, याची सगळे वाट बघू लागले.

आक्काने चोच उघडली. मग मिटली. पिल्लांना पुढे घातलं आणि लंगडत लंगडत, काही न बोलता, ओढ्यापलीकडे चालत गेली.

*

तात्पर्य: मुलांनो, स्वतःच्या रक्षणासाठी प्रत्येकाने परवाना जरूर काढावा. शेजारी उठून गेले की तो लागतोच.