लटारीभाऊ आणि डॉक्टरची नळी

लटारीभाऊ ठोकल्याशिवाय कशावरच विश्वास ठेवत नसत. माठ, खाट, नवी खुर्ची, सगळं टकटक वाजवून बघायचे. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांच्या हॅटवर बोट वाजवलं, तेही ती साहेबांच्या डोक्यावर असताना, आणि म्हणाले, "आंदर जागा हाय."

तो त्यांचा धंदाच होता. आमच्या धानोऱ्याच्या लाकूड डेपोत सागाचा प्रत्येक लठ्ठा ते कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने ठोकत. आवाज खणखणीत आला तर इमारतीचा माल. बद्द आला तर आतून पोकळ. त्यावर खडूची फुली आणि रवानगी जळाऊच्या ढिगात. मी तिथं कारकून होतो. त्यांची फुली चुकलेली मी पाहिली नव्हती.

चांद्याहून डॉक्टर महिन्यातून एकदा नळी लावून मजुरांच्या छात्या तपासायला येत. त्या दिवशी लटारीभाऊ हटकून जंगलात. एरवी चार लठ्ठे ठोकले की धापा टाकत, डावा हात चोळत बसत. माझा जीव वरखाली होई. शेवटी चिडून म्हणालो, "भाऊ, साऱ्या दुनियेला ठोकता, मग स्वतःला का नाही?"

"काऊन ठोकू? डाक्टरनं फुली मारली तर मले कोनत्या ढिगात ठेवान?"

"औषध देतील की!"

"पार्बतीले बी देल्लं होतं." पार्बती म्हणजे त्यांची बायको, दोन वर्षांपूर्वी गेलेली. "मोहाची फुलं वेचाले माझ्या पुढं पळे, बाबू. डाक्टरनं सांगतलं दिल कमजोर हाय, तवापासून खाटेवरून उठली नाई. दुखन्यानं नाई, समजल्यानं मेली. मी नाई समजून घेत, जा!"

पुढे एका सकाळी त्यांनी चांगल्या भरीव लठ्ठ्यावर फुली मारली. मजूर हसले. लटारीभाऊ मात्र कुऱ्हाड टाकून थेट माझ्या टेबलाशी आले. डॉक्टर त्या दिवशी शेजारच्याच खोलीत होते, तरी भाऊ जंगलात गेले नव्हते.

"कानात माझंच धडधडून राह्यलं, लठ्ठ्याचं आयकू येत नाई. तुमी कान लावून पाहा. पन सांगू नोका."

मी त्यांच्या छातीला कान लावला. आत ठोके अडखळत होते. मला मान वर करवेना.

"समजलं," ते म्हणाले. "चला नळीपाशी. पन फुली मारू देनार नाई, सांगून ठेवतो! आन् तुमी आंदर बसा माझ्यासंगं."

"बसतो, भाऊ."

दाराशी ते थांबले. सवयीने चौकटीवर हात गेला, पण त्यांनी ती ठोकली नाही.

"पार्बतीनं एकटीनंच आयकलं, बाबू. मी भायेर दवाखान्याच्या दरवाज्याचं लाकूड ठोकून पाहत होतो."